गरीला जीव लावायचा नाही

पांढरा लेंगा, पांढरा सदरा, हात पाठीमागे बांधलेले, आणि हा सत्तरीकडे झुकलेला गृहस्थ एका कोंबड्याच्या मागोमाग चाललेला. आपांचं मला झालेलं पहिलं दर्शन हे असं आहे. कोंबडा थांबला की आपा थांबत. कोंबडा दगडी गडग्यावरून उडी मारून शेजारच्या परड्यात गेला की आपा वळसा घालून त्या परड्यात जात. मी टेलिफोन खात्यात लाइनमन, घाटावरून नुकताच बदलून आलेलो. तारकर्लीच्या अलीकडे, खाडीच्या काठी एक खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून वळकटी खांद्यावर टाकून आलो होतो आणि उन्हात उभा राहून हा प्रकार बघत होतो. मुळात मी तापट. शेवटी न राहवून विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

"हरवूक नाय," कोंबड्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "पडाची वाट बगतंय."

थोड्या वेळाने कोंबड्याने पंख झाडले. एक तांबूस पीस तरंगत खाली आलं. आपांनी ते उचललं, फुंकर घातली, खिशात ठेवलं आणि मगच माझ्याकडे वळून म्हणाले, "हां, आता बोल. खोली होयी?"

पीस उपटून का घेत नाहीत, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. त्या दिवशी मी एवढंच ठरवलं की घरमालक थोडा सटकलेला आहे, पण खोली चांगली आहे.

आपा हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. घरात ते आणि काकी दोघंच. एकुलती एक मुलगी लग्न होऊन मुंबईला. वाडीतली माणसं त्यांना मान देत आणि पाठ वळली की हसत. कारण आपा खाडीत मासे गरवायचे, म्हणजे गरी टाकून धरायचे, पण गरीला कधीही कोळंबी लावत नसत, किडा लावत नसत, मेलेल्या माशाचा तुकडासुद्धा लावत नसत. त्यांची सगळी आमिषं घरी केलेली: लाकडाची, पत्र्याची, रबराची, पिसांची. बाहेरच्या पडवीत, वाशाला तंगुसाने, म्हणजे गरवायच्या नायलॉनच्या दोऱ्याने, बांधून ती ओळीने टांगलेली असत. वाऱ्यावर सगळी एकाच दिशेला तोंड करून हलायची. माझ्या खोलीचं दार त्याच पडवीत उघडायचं, त्यामुळे सकाळी उठलो की पहिल्यांदा दिसायचे ते हे मासे. सगळ्यांचे गळ काढून वेगळ्या डब्यात ठेवलेले असत; येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यात अडकू नयेत म्हणून.

मी एकदा त्यांना खोटे मासे म्हणालो. आपा दुखावले.

"खोटे नाय रे टेलिफोना. तेंका जीव नाय, येवडाच."

टेलिफोन हे माझं नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाडलं आणि मी तिथून निघेपर्यंत तेच चाललं. आमिषांचीही नावं त्यांचीच. समोरून तोंड खोलगट कोरलेला, पाण्यावर ओढला की डुबुक डुबुक आवाज करणारा तो तोंडाळ. जिभेसारखी पत्र्याची पट्टी पुढे लावलेला, ओढला की खाली सूर मारणारा तो बुडगो. सायकलच्या ट्यूबची लांब शेपूट असलेला तो लुळो. पिसांचा तो कोंबडो. आणि चमचो म्हणजे खरोखरच दांडी कापलेला चमचा. काकींच्या स्वयंपाकघरातले चमचे एकेक करून त्या वाटेने गेले होते आणि पाहुणा आला की त्या मला ऐकू जाईल अशा आवाजात चमच्यांचा विषय काढत.

कुठला कधी टाकायचा याचं आपांचं गणित पक्कं होतं. पावसानंतर खाडी गढूळ असली की तोंडाळ. "चोणकाक दिसणा नाय, पण आयकाक येता." चोणक म्हणजे अलिबागकडे ज्याला जिताडा म्हणतात तो मासा. पाणी निवळलं आणि ऊन असलं की चमचो, कारण त्याची चमक लांबून दिसते. भर दुपारी मासा खाली सावलीत बसतो तेव्हा बुडगो. बुडग्याची जीभ दाखवत ते म्हणत, "जीभ जितकी लांब तितको खोल जाता. माणसांचा नेमका उलटा." आणि पाणी अगदी संथ असलं, मासा आळसावलेला असला की लुळो, तोही इतक्या हळू ओढायचा की बघणाऱ्याला झोप यावी.

लाकूड पांगाऱ्याचं, वजनाला हलकं. डोळा रंगवायचा तो सगळ्यात शेवटी. डोळा रंगवताना ते कुणाशी बोलत नसत. रंग वाळला की विहिरीजवळच्या दोणीत पाणी भरून ते नवा मासा पोहवून बघायचे, आणि तो डावीकडे झुकला तर पोटाला शिशाचा थेंब, उजवीकडे झुकला तर पत्रा किंचित वाकवणं, असं तासन् तास चालायचं. एकदा मी म्हणालो, "आपा, मासा काय एवढं बघतो का? भूक लागली की खातो."

"भुकेन खाता तो ल्हान मासो. चोणक रागान खाता. तेच्या दारासमोरसून कोण लंगडत गेलो तर तेका सहन होणा नाय. आपणाक फकत बरोबर लंगडूक येवक होया."

पडवीत येणाऱ्या प्रत्येक माणसालाही ते याच हिशेबात बसवत. सरपंच तोंडाळ. पोस्टमन चमचो, कारण लांबून दिसतो. मी बुडगो. का, असं मी विचारलं नाही, पण मला ते आवडलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

खोलीच्या भाड्यात रात्रीचं जेवण धरलेलं होतं. मी राहायला आल्यावर लवकरच आपांनी एक चांगला थोरला चोणक धरून आणला आणि दारातच माझ्या हातात दिला. मी घाटावरचा, मासा खायला नुकताच शिकलेलो. आनंदाने तो घेऊन थेट स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "काकी, आज याचंच तिखलं होऊ दे!"

काकींनी माझ्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं, आणि हात पुसून तो उचलला. त्या मागच्या दाराने शेजारी गेल्या, मासा देऊन आल्या आणि परत चुलीपुढे बसल्या. त्या दिवशी आम्ही दारावर आलेल्या कोळणीकडून विकत घेतलेले बांगडे खाल्ले. आपा खाली मान घालून जेवले. आपण कशावर तरी पाय दिला आहे हे मला कळलं. त्या घरात आपांनी धरलेला मासा शिजत नसे. चोणक असो, तांबोशी असो, सगळं शेजारी जायचं. शेजाऱ्यांची चंगळ होती.

कारण काकींनीच पुढे सांगितलं. नारळ खवत बसल्या होत्या आणि मी पडवीतल्या खांबावरून टेलिफोनची तार आत घेत होतो. त्यांच्या घरी नवा फोन येणार होता, मुलीशी बोलता यावं म्हणून.

मुलगी चार वर्षांची असताना तापाने फणफणली. सांधे सुजले, हात लावू देईना. डॉक्टरने औषध दिलं आणि बाकी देवावर सोडलं. तेव्हा गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, देवासमोर उभे राहून बोलले, भोवतालच्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि शेवटी गावकरांनी आपांना विचारलं, "तू काय सोडतंस तां तुज्या तोंडान सांग." तेव्हा आपांना गरवण्याचं वेड होतं. शाळा सुटली की खाडीवर. काळोख पडला तरी घरी येणं नाही. तर त्या घाबरलेल्या बापाने हात जोडून म्हटलं, "माजा चेडू बरा होवंदे म्हाराजा, हेच्यापुढे मी गरयेक जीव लावचंय नाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. ताप उतरला.

काही महिने आपा खाडीकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस पांगाऱ्याचा ओंडका घेऊन आले आणि कोरायला बसले. काकींनी विचारलं, हे काय? तर म्हणाले, गरीला जीव लावायचा नाही एवढंच मी बोललो आहे. जिवंत कोळंबी नाही, किडा नाही. पांगाऱ्याला कुठे जीव असतो? गावकरांनाही त्यांनी जाऊन विचारलं. गावकरांनी बराच विचार करून सांगितलं की शब्दाप्रमाणे बरोबर आहे.

"शब्दाप्रमाणे!" काकी म्हणाल्या. खोबऱ्याचा कीस त्यांच्या हाताला चिकटला होता. "मी थंयच उबी होतंय रे. माका काय आयकाक इला? हेणी म्हटल्यानी, हेच्यापुढे मी गरयेक जीव लावचंय नाय. जीव लावणा म्हणजे काय तां माका कळणा नाय? आणि आता बग. आदी कोळंबी लावन गरवीत तेवा येवडो जीव नव्हतो, तेवडो आता त्या लाकडांका लावलोहा!"

एका वाक्याचे दोन अर्थ, आणि त्या दोन अर्थांत एक संसार वाटून घेतलेला. भांडण असं नव्हतं. काकी त्यांना वेळेवर जेवायला वाढत, पाय दुखले तर तेल चोळत. फक्त तो मासा त्या शिजवत नसत.

आपा मात्र आपला अर्थ अगदी कडक पाळत. कोंबड्याचं पीस का उपटायचं नाही, ते आता मला समजलं. उपटलेल्या पिसाला जीव चिकटून येतो, गळून पडलेल्याला नाही. एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने त्यांना परदेशी रबरी आमिषांचा डबा भेट दिला. पाहुण्यांशी आपा पुस्तकी मराठी बोलत. "हे फार सुबक आहेत," वगैरे म्हणत ते एकेक हातात घेऊन बघत होते. मग एकाचा वास घेतला आणि थबकले. पाहुणा कौतुकाने म्हणाला, की याच्यात खऱ्या कोळंबीचा अर्क मुरवलेला असतो. आपांनी ते डब्यात ठेवलं, डबा पाहुण्याच्या हातात दिला आणि विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. पाहुण्याला वाटलं वासामुळे. तो ओशाळून गेला. मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेलो, पण समजावणार काय?

मला हे सगळं तेव्हा गमतीचं वाटायचं. नंतर तो फोन आला.

रविवार होता. आपा खाडीवर, मी पडवीत. आत घंटी वाजली. काकींनी फोन घेतला, बराच वेळ नुसतं ऐकलं आणि ठेवून दिला. बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. जावयाचा फोन होता. मुलीला काही दिवस धाप लागत होती, तपासलं तर काळजाची झडप खराब झालेली. ऑपरेशन करावं लागणार होतं, तेही लवकर.

"डाक्टर म्हणता, ल्हानपणच्या तापाचा रवलला आसा तां," काकी म्हणाल्या. "त्याच तापाचा." मग अगदी शांतपणे, "अर्दो नवस पाळलो. अर्दोच ताप गेलो."

मी शिकलेला माणूस. असं काही नसतं काकी, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. 

आपा आले तेव्हा काकींनी हेच, याच शब्दांत त्यांना सांगितलं. त्यात राग नव्हता. मला वाटलं, आता ते पांगाऱ्याला कुठे जीव असतो म्हणतील. इतकी वर्षं ते उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असायचं. ते पायरीवर बसले आणि गरवायची काठी बाजूला ठेवताना त्यांच्या हातून ती पडली. उचलली नाही. मीच उचलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आलो तर पडवी ओकीबोकी. सगळी आमिषं त्यांनी काढली होती आणि चटईवर पसरून ठेवली होती. परवाच्या गाडीने दोघं मुंबईला निघणार होते.

"सगळे खाडयेत सोडतंय," आपा म्हणाले. "झाला तुज्या मनासारख्या?"

काकी दारात उभ्या होत्या. "सगळे कित्याक? सगळ्यांत खंय तुमचो जीव आसा?"

"मगे खंयच्यात आसा?" आपांचा आवाज चढला. "तुका काय ठावक? कधी हात तरी लावलंस हेंका? सांग, खंयच्यात आसा माजो जीव?"

त्यांची खात्री होती की हिला सांगता येणार नाही. मलाही तसंच वाटलं. काकींनी पदर खोचला, चटईच्या कडेला बसल्या आणि पहिल्यांदाच त्या आमिषांना हात लावला.

"हो पावण्यांका दाखवूचो," म्हणून एक रंगीत तोंडाळ त्यांनी बाजूला सरकवला. "हो चमचो. हेचो राग माका, तुमका तेचा काय नाय. हो कोंबडो, चार दिस नाचलास आणि इसारलास. हो चेडवाच्या लग्नाआदी केलास, पन तेवा तुमचा चित्त जाग्यार नव्हता, डोळो वाकडो झालो. हो बुडगो टेलिफोनाक आवाडता म्हणान ठेवलोहा." एकेक उचलायच्या, एकेकाचं सांगायच्या, बाजूला ठेवायच्या. कुठला कशाने केला, कधी केला, कशासाठी केला, सगळं. आपा आधी उभे होते, ते हळूहळू खाली बसले.

शेवटी काकींचा हात एका आमिषावर थांबला. मी ते रोज पाहूनही कधी नीट पाहिलं नव्हतं. बोटाएवढं, रंग पार उडालेला, अंगभर तांबोशीच्या दातांचे ओरखडे, एक डोळा पुसून गेलेला.

"हो," काकी म्हणाल्या. "हेका तुमी कोणाकच दाखवणास नाय. धुतास तां सुद्दा पाठ करून."

 तो पहिल्या ओंडक्यातला पहिला मासा होता, हे आपांनी नंतर मला सांगितलं. त्या वेळी ते फक्त "होय" म्हणाले.

बाकीची मी परत टांगली. ते एक घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आपा खाडीवर निघाले, मला बरोबर घेऊन. काकी आल्या नाहीत. उधाणाचे दिवस होते. पाणी चढून थांबलं होतं. आपा काठावर बसून राहिले.

"सुकती लागांदे," ते म्हणाले. "उधाणाच्या सुकतीक सोडलंय तर तोंडाभायर दर्यात जायत. नायतर भरतीबरोबर परत येयत. हो तरंगता ना."

पाणी उतरायला लागलं. गळ घरी डब्यातच होते; त्यांनी पकडीने गळ अडकवायच्या कड्याही काढून खिशात घातल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. मग हात मागे घेऊन फेकलं. ते लांब जाऊन पडलं आणि ओढीबरोबर निघालं. आणि आपांचा डावा हात छातीशी येऊन हवेत गोल गोल फिरायला लागला. तंगूस नव्हता, काठी नव्हती, गुंडाळायला काहीच नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी उजव्या हाताने तो हात धरून ठेवला. मला रडू आलं आणि मी तोंड फिरवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. मे महिन्यात मुलगी माहेरपणाला आली, अशक्त, पण हसरी. गळ्याखालचा व्रण पदराखाली झाकून ओसरीवर बसायची आणि बापाची चेष्टा करायची. नवसाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. घर भरल्यासारखं वाटत होतं. काकींचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं. आणि एका सकाळी त्या आपण होऊन आपांना म्हणाल्या, "आवो, जावा ना गरवूक. आता काय्येक हरकत नाय. आता तुमचो जीव नाय हा त्यात. चेडवाक चोणक घेवन येवा."

आपा गेले. पडवीतला एक बुडगो घेऊन गेले आणि दुपारपर्यंत चोणक घेऊन आले. इतका मोठा मी त्या खाडीत आलेला पाहिला नव्हता. काकींनी तो दारातच हातातून घेतला. शेजारी गेला नाही. तिरफळं घालून त्याचं तिखलं झालं, तुकड्या तळल्या. काकी वाढत होत्या, मुलगी बोटं चाटत होती, आपाही पोटभर जेवले आणि "बरो झालोहा गो" असं म्हणाले. काकींच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, इतक्या वर्षांचं मिटलं एकदाचं.

हात धुवायला मी आणि आपा मागे गेलो. तांब्याने पाणी घालत ते हळू आवाजात म्हणाले, "टेलिफोना, आज मी तेका मारलंय."

"म्हणजे?"

"येवडी वर्सा मासे धरलंय. मारलंय असा माका कधी वाटाक नाय. आज वाटला. तो तंगूस वडी होतो, आणि माज्या हातात कायच इला नाय. जीव लावक नाय, तर मगे तां नुसता जीव घेणा."

त्यानंतर आपा खाडीवर गेले नाहीत. काकींनी आधी सुचवलं, मग आग्रह केला, मग मुलगी गेल्यावर एकदा चक्क रागावल्या. "बगूया," आपा म्हणत आणि ओसरीवर बसून राहत. कुठलाही मासा त्यांनी त्यानंतर कोरला नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर माझी बदली झाली. निघण्याच्या आधी एका सकाळी लाइन तपासायला मी खाडीच्या काठाने चाललो होतो. भरती नुकतीच येऊन गेली होती. भरतीने काठावर आणून टाकलेल्या काटक्याकुटक्यांच्या, शेवाळाच्या रेषेने काकी चालत होत्या. मी त्या घरात राहिलो तेवढ्या काळात त्यांना खाडीवर कधी पाहिलं नव्हतं. कमरेत वाकून त्या पायाने कचरा उलथापालथा करत, एखादं बोटाएवढं लाकूड उचलत, उलटंसुलटं करून बघत आणि टाकून देत. मला पाहून त्या सरळ झाल्या.

"काय शोधताय काकी?"

"काय नाय रे. चुलीक सुकी लाकडा गावतत काय बगतंय."

मी बरं म्हणालो आणि पुढे गेलो. त्यांच्या मागच्या पडवीत चुलीसाठी साठवलेल्या नारळाच्या सोडणांचा ढीग छपराला टेकला होता.